सुईनंतर की सुईमुळे?

झाशीहून कानपूरच्या रस्त्याने तीसेक किलोमीटर गेलं की चिरगाँव लागतं. हिंदी वाचकांना हे नाव मैथिलीशरण गुप्तांमुळे ठाऊक असतं, ते इथलेच. झाशीच्या परिसरात मराठी घरं नेवाळकरांच्या काळापासून आहेत. या लेखातली आत्या अशाच एका घरातली. ती या भागात एएनएम (आरोग्यसेविका) म्हणून नोकरीला लागली आणि पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाली. तिचा पुतण्या मराठवाड्यात वकिली करतो. ही दोन्ही माणसं मी दोन बाजू नीट मांडता याव्यात म्हणून उभी केली आहेत. त्यांच्या बोलण्यात येणाऱ्या सार्वजनिक घटना, तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत. वादाचा विषयही खरा आहे, कारण उत्तर प्रदेशात बुधवारी आणि शनिवारी लसीकरणाचं सत्र भरतं आणि त्यानंतर एखाद्या घरातून हा प्रश्न येतो : काल सुई टोचली, आज बाळ गेलं. सुईनेच गेलं ना?

पुतण्या : आत्या, मला सरळ उत्तर हवं. मूल सकाळी खेळत होतं, दुपारी सुई टोचली, रात्री ताप आला, पहाटे गेलं. घरच्यांना सांगितलं जातं की हा योगायोग. असं सांगणाऱ्यावर त्यांनी विश्वास का ठेवावा?

आत्या : लगेच ठेवूच नये. आधी विचारावं, तुम्ही काय काय तपासलंत? पण 'सुईनेच गेलं' म्हणणाऱ्यालाही हेच विचारायचं. आपल्याकडे म्हणतातच, कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.

पुतण्या : ज्याच्या अंगावर फांदी पडली त्याला ही म्हण ऐकवून बघ.

आत्या : नाही ऐकवत. म्हणून तर कागद-पेन आण म्हणते. २०२०च्या नमुना नोंदणीत देशाचा अर्भकमृत्यू दर हजारी २८ होता. त्यातली २० बाळं पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच जातात. उरली आठ. ती महिना संपल्यापासून वर्षाची होईपर्यंत जातात : न्यूमोनियाने, जुलाबाने, जन्मजात हृदयदोषाने, काही तर झोपेत, कारण न कळता. आणि याच काळात, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आम्ही पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, देतो. आता एक लाख बाळं धर. अकरा महिन्यांत ८०० मृत्यू, म्हणजे दिवसाला दोन ते अडीच. तीन वेळा सुई, प्रत्येक सुईनंतरचे दोन दिवस, असे सहा दिवस झाले. सुईत नुसतं पाणी भरलं असतं तरी त्या सहा दिवसांत लाखामागे चौदाएक बाळं गेली असती. देशात वर्षाला अडीच कोटींच्या आसपास बाळं जन्मतात.

पुतण्या : म्हणजे साडेतीन हजार.

आत्या : हो, ढोबळमानाने. शिवाय राज्याराज्यांत फरक. त्याच वर्षी महाराष्ट्राचा दर १६ होता, आमच्या उत्तर प्रदेशाचा ३८. तेव्हा तीच लस, त्याच कारखान्यातली, इकडे महाराष्ट्राच्या दुपटीहून घातक दिसणार. दोष लशीत नाही. इथे बाळं मुळातच जास्त मरतात, आणि त्याचं दुःख मला लशीच्या वादापेक्षा मोठं आहे.

पुतण्या : हिशेब मान्य. पण या साडेतीन हजारांत आणखी पन्नास बाळं खरोखर लशीने गेली, तर ती कोणाला दिसणार? तुझा हा आकडा लशीला निर्दोष ठरवत नाही. तो तिला लपायला जागा देतो.

इथे थांबावंसं वाटतं. लशींच्या बाजूने लिहिणारे बरेच जण आत्याचा हिशेब मांडतात आणि तिथेच लेख संपवतात. पुतण्याची शंका त्यांच्या वाटेत येतच नाही. खरं तर सगळं अवघड काम या शंकेपासून सुरू होतं. योगायोग पुष्कळ होणार हे सिद्ध केलं म्हणून समोरचा मृत्यू योगायोगाचा ठरत नाही.

आत्या : बरोबर बोललास. म्हणून नुसते मृत्यू मोजून भागत नाही. ते कोणत्या दिवशी झाले ते बघावं लागतं. योगायोगाला घड्याळ कळत नाही. तो सुईनंतर दुसऱ्या दिवशी येईल, तसाच विसाव्या दिवशी, पस्तिसाव्या दिवशी. लशीच्या दुष्परिणामाला मात्र वेळ ठरलेली असते, कारण शरीरात त्यामागे काहीतरी घडत असतं. तीव्र ॲलर्जी म्हणजे ॲनाफिलॅक्सिस बहुधा काही मिनिटांत येते. म्हणून आम्ही बाळाला अर्धा तास बसवून ठेवतो आणि ॲड्रेनॅलिन जवळ असतं. पेंटाव्हॅलंटचा ताप, आणि तापातून एखाद्याला येणारा झटका, पहिल्या-दुसऱ्या दिवशी. गोवराच्या लशीचा ताप सातव्या ते बाराव्या दिवशी, कारण त्या लशीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि त्याला वाढायला तेवढे दिवस लागतात. गावात नेमकं उलटं होतं. गोवराची सुई दिली आणि संध्याकाळी झटका आला तर तो सुईच्या नावावर. नवव्या दिवशी आला तर म्हणतात, नजर लगी है. माझा संशय नवव्या दिवशीच्या झटक्यात लशीवर आधी जातो. संध्याकाळच्या झटक्यात मी दुसरं कारण शोधते, किंवा बाटलीत काही चुकलं का ते बघते.

पुतण्या : आणि ही वेळ कोणी ठरवली? लस बनवणाऱ्यांनीच ना?

आत्या : ज्यांनी लशी बंद पाडल्या त्यांनीही. अमेरिकेत १९९८ मध्ये रोटाशील्ड नावाची जुलाबावरची लस आली. काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्या भागात शिरून अडकायला लागला. हा आजार लशीशिवायही बाळांना होतोच, तुझ्या भाषेत लपायला भरपूर जागा. पण तारखा मांडल्यावर दिसलं की आजारी बाळं पहिल्या डोसानंतरच्या दोन आठवड्यांत एकत्र जमलीत. दहा हजारांमागे एखादं बाळ, पण जमाव स्पष्ट. १९९९च्या ऑक्टोबरात लस मागे घेतली. नंतर आपल्याकडे २०१६ मध्ये जुलाबावरचीच रोटाव्हॅक आली तेव्हा रुग्णालयांमधून हाच आजार मुद्दाम शोधला गेला. आतडं अडकलेल्या प्रत्येक बाळाची तुलना त्याच्याशीच केली : लशीनंतरचे धोक्याचे दिवस आणि त्याचेच बाकीचे दिवस. जमाव दिसला नाही. २०२० मध्ये तो अभ्यास छापून आला.

पुतण्या : हे लाखांच्या हिशेबात ठीक. माझ्याकडे येणारी आई एका बाळाबद्दल विचारते. तिला तू कोणता जमाव दाखवणार?

आत्या : एकाच बाळाकडे बघूनही कधीकधी उत्तर मिळतं. तू मुल्कोवालचं नाव ऐकलं असशील.

पुतण्या : ऐकलंय, आणि माझ्या बाजूने ऐकलंय. एका गावात लस टोचल्यावर एकोणीस माणसं मेली. हाफकिनची प्लेगची लस. त्याला योगायोग म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही.

आत्या : होणारच नव्हती. आता पूर्ण ऐक.

मुल्कोवालची गोष्ट मुंबईतून सुरू होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. वाल्डेमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग पसरला आणि जे कैदी तयार झाले त्यांना लस दिली गेली. त्यांच्यातल्या काहींना टोचणीच्याच दिवशी प्लेग दिसला. रोग त्यांच्या अंगात सुईच्या आधीच शिरलेला होता. लशीला काम करायला वेळ मिळालाच नव्हता. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बारा जणांना प्लेग झाला आणि सहा दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, दोघेही जगले. त्या पहिल्या दिवशीच हाफकिनने हात टेकले असते, किंवा तुरुंगाबाहेर 'लशीने प्लेग होतो' एवढीच बातमी गेली असती, तर पुढे काय झालं असतं हे सांगायला नको.

पुतण्याने मात्र यावर नेमकं बोट ठेवलं. पहिल्या दिवशीचे रुग्ण हिशेबातून वगळणारा माणूस लस बनवणाराच होता. शास्त्रीय कारण पटण्याजोगं असलं तरी न्यायाधीश आणि आरोपी एकाच खुर्चीत. आत्याने हे मान्य केलं. कोणते दिवस धरायचे आणि कोणते सोडायचे हा नियम निकाल दिसण्यापूर्वी लिहून ठेवलेला असावा, असं ती म्हणाली, आणि मग मुल्कोवालकडे वळली.

आत्या : ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल, आता पाकिस्तानात आहे. त्या दिवशी १०७ जणांना प्लेगची लस टोचली. आठवडाभरात त्यातल्या एकोणीस जणांना धनुर्वात झाला आणि एकोणीसही गेले. आता वकील म्हणून तू पहिला प्रश्न कोणता विचारशील?

पुतण्या : बाकीच्या अठ्ठ्याऐंशींचं काय झालं?

आत्या : त्यांना काही झालं नाही. एकोणीसही जण एकाच बाटलीतले. ५३-एन असा तिचा नंबर होता. त्याच दिवशी, त्याच गावात, दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेले ठणठणीत. म्हणजे योगायोग नाही, आणि लशीचा स्वभावही नाही. तो त्या एका बाटलीचा दोष. मग प्रश्न उरला, धनुर्वाताचे जंतू बाटलीत कुठे शिरले? परळच्या प्रयोगशाळेत की गावात?

पुतण्या : चौकशी आयोगाने प्रयोगशाळेवर ठपका ठेवला.

आत्या : हो. हाफकिनने कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेने निर्जंतुक करण्याची पद्धत वापरली होती, त्यावर बोट ठेवलं. त्याचं पद गेलं. पण गावातलीच साक्ष होती की बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला. आणि बाटली उघडली तेव्हा तिला वास नव्हता. जंतू आधीपासून आत वाढत असते तर वास आला असता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहिलं तेव्हा तो निर्दोष ठरला. तोवर त्याची उमेद गेली होती. त्याच्या नावाची संस्था मुंबईत आज आहे, पण ते नाव १९२५ मध्ये दिलं.

मला या घटनेत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बाटलीवरची खूण. ५३-एन हा नंबर आणि तो कोणाकोणाला टोचला याची यादी नसती तर हा वाद कधीच सुटला नसता. एकोणीस मृत्यूंवरून कोणी लशीला कायमचं विष ठरवलं असतं, कोणी गावाच्या अस्वच्छतेला. सत्य कळलं ते कोणीतरी बाटल्यांची नोंद ठेवल्यामुळे. आजही गोवराची किंवा बीसीजीची कोरडी लस द्रावकात मिसळल्यावर बाटलीवर वेळ लिहितात आणि चार तासांनी ती फेकून देतात, त्यामागे हाच अनुभव आहे. उघड्या बाटलीत जंतू वाढले तर काही तासांत बाळाला जुलाब, उलट्या, तीव्र ताप येतो आणि ते दगावू शकतं. एकाच सत्रातली दोन-तीन बाळं अशी आजारी पडली, तर योगायोगाचा विचार शेवटी करायचा. आधी बाटली.

पुतण्या : आणि बाटलीच वेगळी असली तर? यवतमाळ आठवतं का? घाटंजी तालुक्यातलं कापसीकोपरी. ३१ जानेवारी २०२१, पोलिओचा रविवार. बारा मुलांना थेंबांऐवजी हाताला लावायचं सॅनिटायझर पाजलं.

आत्या : आठवतं. ते वाचून मला रडू आलं होतं. थेंब देणाऱ्या प्रत्येकीला आलं असेल. मुलं वाचली. पण बघ, इथे लशीचा दोष तरी काय? लस तर त्यांना मिळालीच नव्हती. अशा चुकीला आमच्या फॉर्मवर वेगळा रकाना आहे : लसीकरणातली चूक. लशीचा स्वतःचा दुष्परिणाम, लशीच्या दर्जातला दोष, देण्यातली चूक, सुईच्या भीतीने आलेली चक्कर, आणि योगायोग, असे पाच वेगवेगळे प्रकार धरतात. लोक पहिल्याचा आणि शेवटच्याचाच विचार करतात. माझ्या नोकरीत मधल्या तिघांनी मला जास्त काम दिलं. शाळेत सुया दिल्या की एक मुलगी चक्कर येऊन पडायची आणि तिला बघून रांगेतल्या आणखी चार. त्या मुली नाटक करत नव्हत्या. त्यांना खरंच भोवळ यायची.

पुतण्या : पाच रकाने कागदावर छान दिसतात. पण संशयाचा फायदा नेहमी एकाच बाजूला जातो. २००९ मध्ये आंध्रात खम्मम आणि गुजरातेत वडोदरा इथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस मुलींना दिली. सात मुली गेल्या. एप्रिल २०१०मध्ये प्रकल्प थांबवावा लागला.

आत्या : त्या मुलींच्या मृत्यूची कारणं वाचलीस का? एक खाणीतल्या पाण्यात बुडाली. एकीला साप चावला. दोघींनी कीटकनाशक घेतलं. एक मलेरियाने गेली. या पाच मृत्यूंत लस कुठे शोधणार? उरलेल्या दोघींबाबत कारण तितकं स्पष्ट नव्हतं, एकीला ताप आणि एकीच्या मेंदूत रक्तस्रावाचा संशय. मी तेही लपवत नाही.

पुतण्या : मग हेही सांग की वसतिगृहातल्या मुलींच्या संमतीच्या कागदांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. आदिवासी मुली. २०१३ मध्ये संसदेच्या समितीने यावर कडक ताशेरे ओढले. आता त्या बापाला सांगा, तुमची मुलगी लशीने नाही, सापाने गेली. खरं असेल. पण ज्याने विचारल्याशिवाय टोचलं त्याच्या तोंडून तो ते का ऐकेल?

आत्याला यावर लगेच उत्तर सुचलं नाही, आणि सुचू नये असंच मला वाटतं. साप चावल्याचा दाखला आणि वॉर्डनची सही ही दोन्ही सत्यं एकाच फाइलमध्ये आहेत. पहिलं दाखवून दुसरं झाकणारे भेटतात आणि दुसरं दाखवून पहिलं नाकारणारेही भेटतात. योगायोग हा निष्कर्ष शास्त्राने मिळतो, पण तो घरात स्वीकारला जाण्यासाठी सुईच्या आधी खरं बोललेलं असावं लागतं.

पुतण्या : दुसरी गोष्ट नियमांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या वर्गीकरणात 'संभाव्य' आणि 'शक्य' असे वर्ग होते. २०१३ मध्ये ते गेले. आता एखादा मृत्यू लशीच्या नावावर लिहायचा तर तो प्रकार आधीपासून ज्ञात हवा. मग नवा दुष्परिणाम पहिल्यांदा कसा कळणार? दिल्लीचे बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल आणि पुण्याचे डॉ. अनंत फडके यांनी २०१७ मध्ये पेंटाव्हॅलंटनंतरच्या मृत्यूंबद्दल हाच आक्षेप लिहून मांडला. त्यांना लसविरोधक म्हणून टाळून चालणार नाही.

आत्या : टाळत नाही. आक्षेप वजनदार आहे. पण नव्या पद्धतीतही 'अनिर्णित' हा वर्ग आहे : वेळ जुळते, पुरावा पुरेसा नाही. तिथे पडलेल्या केस एकत्र करून पुन्हा बघायच्या असतात. नवा दुष्परिणाम तिथूनच सापडायचा.

पुतण्या : बघायच्या असतात. बघतं कोण?

आत्या : नॉर्वेने बघितल्या. मार्च २०२१. ॲस्ट्राझेनेकाची लस घेतलेल्या एक लाख तीस हजारांच्या आसपास लोकांत पाच आरोग्य कर्मचारी, सगळे सात ते दहा दिवसांच्या आत, रक्तात गुठळ्या आणि त्याच वेळी रक्तबिंबिका घसरलेल्या. गुठळ्या होतात तेव्हा बिंबिका इतक्या कमी सहसा नसतात. त्यातले तिघे दगावले. जर्मनीत ग्रायफ्सवाल्डला प्राध्यापक ग्राइनाखर यांनी अशा रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड शोधलं. ७ एप्रिलला युरोपच्या औषध संस्थेने हा अत्यंत दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला. एका महिन्यात. वेळ जुळली, चित्र वेगळं होतं आणि रक्तात कारण सापडलं. तिन्ही मिळालं की योगायोग म्हणता येत नाही.

पुतण्या : तीच लस आपल्याकडे कोविशील्ड. मराठवाड्यातल्या एका तरुण डॉक्टर मुलीने २८ जानेवारी २०२१ला, आरोग्य कर्मचारी म्हणून पहिल्या फळीत, ती घेतली. १ मार्चला ती गेली. युरोपात नाव पडायच्या आधी. वडिलांच्या याचिकेत म्हटलंय की केंद्राच्या समितीने २ ऑक्टोबर २०२१ला मृत्यू लशीच्या दुष्परिणामाने झाल्याचं मान्य केलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. त्या बापाने किती दारं ठोठावली असतील याचा विचार कर. तो शिकलेला, शहरातला. चिरगाँवचा शेतमजूर काय करेल?

आत्या : काही करू शकणार नाही. हे मी मानते.

पुतण्या : आणि मुरादाबाद? मोहीम सुरू झाली त्याच दिवशी, १६ जानेवारीला, सरकारी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याने लस घेतली. दुसऱ्या दिवशी गेला.

आत्या : त्याचं शवविच्छेदन झालं. हृदय-फुप्फुसाचा आजार निघाला. एका दिवसात हृदय असं होत नाही, ते आधीपासूनचं. शवविच्छेदन झालं म्हणून हे बोलता येतं. माझ्या भागात दहापैकी नऊ घरं बाळाला चिरू देणार नाहीत, आणि मी त्यांना दोष देत नाही. पण मग आम्ही घरी बसून आईला विचारत राहतो : दूध कधी सोडलं, श्वास कसा होता, अंग निळं पडलं का. त्यावरून जमेल तेवढं. २०२१च्या सुरुवातीच्या एकतीस गंभीर केसचा निकाल राष्ट्रीय समितीने दिला तो आठव. अठरा योगायोग, सात अनिर्णित, तीन लशीच्या, एक भीतीची आणि दोन वर्गच लावता न आलेल्या. लशीच्या तिन्ही केस ॲनाफिलॅक्सिसच्या. दोघं बरे झाले. अडुसष्ट वर्षांचे एक गृहस्थ, ८ मार्चला लस घेतलेले, गेले.

पुतण्या : सात आणि दोन, एकतीसमधले नऊ. त्यांचं काय? वर्गच लावता आला नाही याचा अर्थ माहिती गोळा झाली नाही. माहिती गोळा न करण्याचा फायदा ज्याने ती गोळा करायची होती त्याला मिळतो. माझ्या धंद्यात याला अन्याय म्हणतात.

इथे माझं मत पुतण्याकडे झुकतं. योगायोग हा काहीच न सापडल्यावर उरणारा गाळ नव्हे. दुसरं कारण सापडलं, किंवा वेळ जुळत नाही हे दिसलं, तरच तो म्हणता येतो. बाटलीचा नंबर, शीतपेटीचं तापमान, त्याच बाटलीतल्या इतर बाळांची विचारपूस आणि मृत्यूचं कारण, यातलं काहीच न बघता 'संबंध नाही' लिहिणं म्हणजे निकाल न देताच फाइल बंद करणं. आत्याचंही मन तिथेच होतं, फक्त ती आतून बोलत होती.

आत्या : तू म्हणतोस ते खरं, पण उलट बाजूची किंमतही मी मोजली आहे. ब्रिटनमध्ये १९७४ नंतर डांग्या खोकल्याच्या लशीने मेंदू बिघडतो अशी ओरड झाली. लस घेणारी मुलं सुमारे ऐंशी टक्क्यांवरून तीसएक टक्क्यांवर आली आणि त्या दशकाच्या अखेरीस खोकल्याची साथ एक लाखावर मुलांना लागली. आणि २००६ मध्ये मेलबर्नच्या बर्कोविच यांनी 'लशीने मेंदू बिघडला' असा शिक्का असलेले चौदा रुग्ण तपासले. अकरांच्या अंगात जन्मापासूनच एका जनुकात बदल होता. झटके त्या आजाराचे. सुईच्या तापाने फार तर पहिला झटका लवकर आला. आईने डोळ्यांनी बघितलेलं खोटं नव्हतं, आणि लस गुन्हेगारही नव्हती.

पुतण्या : आईला हे सांगायला बत्तीस वर्षं लागली. दरम्यान तिला पैसे कोण देणार होतं? ब्रिटनने १९७९ मध्ये कायदा केला. अमेरिकेत १९८८ पासून भरपाई मिळते, कोणाची चूक सिद्ध न करता. आपल्याकडे केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात शपथपत्र दिलं की सरकारला भरपाईसाठी थेट जबाबदार धरता येणार नाही, दिवाणी न्यायालयात जा. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच न्यायालयाने, पुलियेल यांच्याच याचिकेवर, दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना बघता येतील अशा ठेवा म्हटलं होतं.

आत्या : भरपाई द्या म्हणतोस, पण माझ्या हिशेबातल्या त्या चौदा घरांनाही देणार का? गावात त्याचा अर्थ एकच निघेल, सरकारने कबूल केलं. पुढच्या बुधवारी सत्राला कोणी येणार नाही.

पुतण्या : अमेरिकेत सगळ्यांना देत नाहीत. त्यांनी तक्ता केलाय. ॲनाफिलॅक्सिस, चार तासांत. रोटाव्हायरसनंतर आतडं अडकलं, एक ते एकवीस दिवस. फ्लूच्या लशीनंतर गीया-बारे, म्हणजे हातापायांचा लुळेपणा, तीन ते बेचाळीस दिवस. त्या वेळात झालं आणि दुसरं कारण सापडलं नाही की लशीनेच असं कायदा धरून चालतो. आईला सिद्ध करावं लागत नाही.

आत्या : थांब. म्हणजे हे माझंच घड्याळ.

पुतण्या : तुझंच. तू ते योगायोग वगळायला वापरतेस, तो कायदा त्याच घड्याळाने भरपाई देतो.

आत्या : आणि वेळेच्या बाहेरचे?

पुतण्या : त्यांनी पुरावा आणावा. पण ज्या केसमध्ये चौकशीच झाली नाही तिथे कौल घराच्या बाजूने. आणि निकाल काहीही असो, आईच्या हातात, तिला वाचता येईल किंवा कोणी वाचून दाखवेल अशा भाषेत, लेखी.

आत्या : जिथे जिथे काम केलं तिथे असा कागद आईच्या हातात पडलेला मी पाहिला नाही. आम्ही तोंडी सांगायचो, तेही आशा बहूला पुढे करून, आणि ती बिचारी त्याच गावात राहायची. दगड तिच्या दारावर. पण घराने शवविच्छेदन नाकारलं तर? त्याला चौकशी झाली नाही म्हणशील?

पुतण्या : डॉक्टरने येऊन समजावलं, विचारलं, तरी नाकारलं असा कागद असेल तर नाही म्हणणार.

आत्या : तो कागद रात्री दोन वाजता एएनएमकडून भरून घेतील.

पुतण्या : मग लिहू, जिल्ह्याच्या डॉक्टरनेच यायचं.

आत्या : हे लिही. आणि भारताचा तक्ता करायचा तर पेंटाव्हॅलंट आणि कोविशील्डच्या भांडणापासून सुरुवात करू नकोस. पहिली ओळ पोलिओच्या थेंबांची घाल. थेंबांतला जिवंत विषाणू फार क्वचित, पहिल्या डोसाच्या सत्तावीस लाखांमागे एखाद्या बाळाला, स्वतःच लुळं करतो, चार ते तीस दिवसांत. हे सगळ्या पुस्तकांत आहे, आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे, त्यावर कोणाचा वाद नाही. त्या थेंबांनी या देशातला नैसर्गिक पोलिओ संपवला, शेवटचा रुग्ण जानेवारी २०११चा. घरोघरी जाऊन ते थेंब मी पाजले आणि पुन्हा पाजेन. पण त्यानेच लुळी झालेली मुलंही याच देशात आहेत, आता मोठी झाली असतील. त्यांच्याबाबत योगायोग म्हणायलाही जागा नाही. त्यांची ओळ आधी.